पाटीवरचा तास

घड्याळरावांचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. तीन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कायम अर्धवट उघडी राहणारी एक खिडकी, एवढाच पायवाट विभाग. त्या विभागात त्यांना सगळे घड्याळरावच म्हणत. नाव त्यांना आवडायचं. ते कौतुकाने ठेवलेलं नाही हे कळायला त्यांना दोनेक वर्षं लागली, आणि तोवर ते अंगवळणी पडलं होतं.

काम साधं होतं. डोंगरात, जंगलात फिरायला येणाऱ्यांसाठी वाटेच्या प्रत्येक फाट्यावर खात्याची पिवळी पाटी असे. पाटीवर बाण, बाणापुढे गावाचं नाव, आणि त्यापुढे तिथवर पोहोचायला लागणारा वेळ. अंतर लिहायची पद्धत नव्हती. चढावरचे दोन किलोमीटर आणि सपाटीवरचे दोन किलोमीटर सारखे नसतात, हे खात्याला मान्य होतं. माणसं सारखी नसतात, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकोणतीस वर्षांपूर्वी पाट्या पहिल्यांदा लावायच्या ठरल्या तेव्हा वेळ मोजायला एकाच माणसाला पाठवलं गेलं. तो माणूस तेव्हा एकतीस वर्षांचा, काटकुळा, लांब ढांगांचा आणि स्वतःच्या पायांवर भलताच खूश होता. दोन उन्हाळ्यांत त्याने दोनशे बारा पाट्यांचे आकडे काढले. म्हणजे त्या सबंध मुलखात कुणालाही कुठेही पोहोचायला किती वेळ लागावा, हे घड्याळरावांच्या एकतिसाव्या वर्षीच्या पायांनी ठरवून टाकलं होतं.

मोजायची एक रीत होती आणि ती त्यांनी स्वतः घालून दिली होती. गळ्यात स्टॉपवॉच. चालायला लागलं की बटण दाबायचं, थांबलं की पुन्हा दाबायचं. पाणी प्यायला थांबलात, दाबा. बुटात खडा गेला, दाबा. समोर दरी उघडली आणि पाय थबकले, दाबा. पाटीवर फक्त चालण्याचा वेळ यायला हवा. थांबणं ही ज्याची त्याची खासगी बाब.

तक्रारी यायच्या. वर्षाला तीस-चाळीस पत्रं तरी. दीड तासाऐवजी अडीच तास लागले, गाडी चुकली, मुलं रडकुंडीला आली, असं लोक लिहीत. घड्याळराव प्रत्येकाला उत्तर पाठवत आणि उत्तर एकच असे: ‘आपण वाटेत थांबला असणार.’ हे वाक्य त्यांना इतकं निर्णायक वाटे, की पुढे त्यांनी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला.

निवृत्तीला महिना उरला असताना नव्या बाईसाहेबांनी त्यांना बोलावलं. पाट्या गंजल्या होत्या. आता नव्या पाट्या भट्टीत भाजलेल्या रंगाच्या येणार होत्या, तीस वर्षं न पुसल्या जाणाऱ्या. त्याआधी निदान एका वाटेचे आकडे तपासून घ्यावेत, असा वरून कागद आला होता. बाईसाहेब समंजस होत्या. गळ्यात मफलर गुंडाळत त्यांनी सुचवलं, की हे काम टेबलावर बसूनही होण्यासारखं आहे; आकडे पूर्वीचेच, सही फक्त नवी. घड्याळरावांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, मी चालून येतो.

कर्तव्याची ओढ वगैरे काही नव्हती, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. साठाव्या वर्षी आपण स्वतःच्याच पाटीपेक्षा दहा मिनिटं आधी पोहोचलो, असं निरोपाच्या भाषणात कुणीतरी सांगावं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी त्यांनी नवे मोजे आणले. सराव म्हणून आठवडाभर कार्यालयाचे दोन मजले जिन्याने चढायचं ठरवलं, आणि तिसऱ्या दिवशी सरावासाठी गुडघा ताजा राहावा म्हणून लिफ्ट घेतली.

गुडघा डावा. वर्षभरापासून उतारावर कुरकुरणारा. बायकोने विरोध केला नाही, पण अट घातली की एकट्याने जायचं नाही. तिचं म्हणणं, गुडघा तुमचा असला तरी दुखायला लागला की शेकायला मी लागते. विभागातले दोघे सहकारी त्या दिवशी नेमके कामात होते. खरंतर दिवस अजून ठरायचाही होता. शेवटी थोरली बहीण तयार झाली.

ताई सहासष्ट वर्षांच्या. चौतीस वर्षं त्यांनी खांद्याला पिशवी लावून एकाच भागातल्या गल्ल्यांमध्ये टपाल वाटलं होतं. चालण्याचा अनुभव भावापेक्षा कितीतरी मोठा, पण त्यांच्या चालण्याची जातच वेगळी. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालायचं, आणि दारात उभं राहणं हा कामाचाच भाग. कुणाच्या आईचा खोकला कसा आहे, कुणाच्या मुलाचं पत्र का आलं नाही, हे विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दार दिसलं की पाय आपोआप थांबतात, असं त्या सांगत. लहानपणी भावाला शाळेत पोहोचवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते संपलं असं त्यांना अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

तर साडेनऊ वाजता गाडीने दोघांना वाटेच्या तोंडाशी उतरवलं. पहिलीच पाटी समोर: जुनी पाणचक्की, चाळीस मिनिटं. पुढे जंगलातून वरचं गाव, दीड तास. तिथून डोंगराच्या धारेवरची दृश्याची जागा, एक तास दहा मिनिटं. आणि पलीकडे खालचं गाव, पुन्हा एक तास दहा मिनिटं. सगळे मिळून साडेचार तास. खालच्या गावातून शेवटची गाडी पाच चाळीसला. घड्याळरावांनी ताईंना समजावलं, की आपण तीनच्या आत खाली असू, मग दोन-अडीच तास करायचं काय हाच प्रश्न आहे. म्हणून त्यांनी वाचायला वर्तमानपत्र आणलं होतं.

बटण दाबलं. पन्नास पावलांवर ताईंच्या बुटाची नाडी सुटली. बटण. मग एक फाटक लागलं, त्याची कडी ताईंना नीट लावायची होती. बटण. मग कुंपणापलीकडून एक म्हातारा घोडा मान पुढे करून आला आणि ताईंनी त्याचीही विचारपूस केली. बटण. पाणचक्कीशी पोहोचले तेव्हा स्टॉपवॉच अठ्ठावन्न मिनिटं दाखवत होतं, आणि तेही थांबे वगळून. घड्याळरावांनी वही काढून शेरा लिहिला, की वाट खराब झाली आहे.

ताईंनी मागे वळून पाहिलं. बारीक खडी घातलेली, दोन्ही कडांना दगड लावलेली वाट होती. “वाट तर छान आहे की.”

“पूर्वी जास्त छान होती,” घड्याळराव म्हणाले.

पाणचक्कीनंतर जंगल सुरू झालं. आत शिरताच हवा गार झाली, ओल्या सालींचा वास आला. उंच सरळ खोडांमधून ऊन तुकड्या-तुकड्यांनी खाली उतरत होतं आणि नेच्यांच्या पानांवर येऊन टेकत होतं. वर कुठेतरी एक पक्षी लाकडावर टोचा मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. घड्याळरावांना यातलं काही ऐकू येत नव्हतं, कारण ते स्वतःचा श्वास ऐकत होते. त्यांनी एक युक्ती काढली होती. शंभर पावलं जोरात टाकायची, मग झाडाला हात टेकून उभं राहायचं आणि बटण दाबायचं. म्हणजे धाप लागलेला वेळ हिशेबात येत नाही. ताई मात्र हरेक झाडाशी, दगडाशी थांबत होत्या आणि तरीही दर वळणावर पुढेच दिसत होत्या. हे कसं होतं, ते त्यांना उमगेना. दुपारपर्यंत बटण इतक्या वेळा दाबून झालं होतं, की गुडघ्यापेक्षा अंगठा जास्त दुखायला लागला.

एका ओंडक्यावर बसल्या बसल्या ताईंनी विचारलं, “तुझं घड्याळ चालतंय ना रे?”

“आता बंद आहे. आपण थांबलोय ना.”

“म्हणजे आत्ता वेळ जात नाहीये?”

“मोजायचा वेळ जात नाहीये.”

ताईंनी मान वर करून फांद्यांतून सूर्याकडे पाहिलं. “त्याला कळवलंयस का तसं?”

वरच्या गावात पोहोचायला सव्वा वाजला. गाव म्हणजे एका ओळीत बसलेली दगडी घरं, मध्ये पाण्याचा नळ, आणि अर्ध्या दाराचं एक दुकान. दुकानाबाहेर बाक. दार दिसल्यामुळे ताई थांबल्याच होत्या. घड्याळराव बाकावर बसले ते सामान ठेवावं तसे. दुकानवाल्या बाई चाळिशीच्या, हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी चहा दिला, पाव कापून दिला, आणि किती वाजता निघालात ते विचारलं. साडेनऊ म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. बरेच चपळ आहात म्हणाल्या. बाकीच्यांना इथवर यायला दोन वाजतात.

कौतुक ऐकून खरंतर गप्प बसायला हवं होतं. पण घड्याळरावांनी चिकाटीने सांगितलं, की पाटीवर दोन तास दहा मिनिटं आहेत.

“पाटीवरचा तास वेगळा असतो हो काका,” बाई म्हणाल्या. नवख्या माणसाला समजावून सांगावं तसं, अगदी मायेने.

मग त्यांनी सगळंच सांगितलं. त्या गावात दोन प्रकारचे तास होते, एक आपला आणि एक पाटीवरचा. डॉक्टरने तासाभरात येतो म्हटलं की विचारायचं, आपल्या तासाभरात का पाटीवरच्या. त्यांचा नवरा फोनवर दहा मिनिटांत आलोच म्हणतो, ती दहा मिनिटं कधीच पाटीवरची नसतात. आणि पाटी लिहिणाऱ्या माणसाबद्दल गावात एकमत होतं, की त्याच्यामागे बैल लागला होता. त्यांच्या सासऱ्यांनी तर त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं. हडकुळा, गळ्यात काहीतरी लटकतंय, पायाला आग लागल्यासारखा दुकानासमोरून गेला. बैल दिसला नाही, पण असणारच.

“बैलाचं पुढे काय झालं?” ताईंनी विचारलं. भावाकडे त्या मुळीच बघत नव्हत्या.

“दमला असेल.”

घड्याळरावांचे कान गरम झाले. आपल्या वेगाचा एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार निघावा ही त्यांची किती वर्षांची हौस, आणि तो निघाला तर ‘तो मीच’ हे कबूल करता येऊ नये. त्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं.

पण बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, आम्हाला सवय आहे, आम्ही हसतो. येणाऱ्यांना काय माहीत. गेल्या वर्षी एक माणूस आपल्या वडिलांना घेऊन आला होता. वडील सत्तरीच्या पुढचे, पण ताठ; चालण्याची आवड दिसत होती. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, की धारेवरून खाली उतरायला दोन-अडीच तास धरा. म्हाताऱ्याने बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, सरकारी पाटी आहे, उगीच लिहितील का. दोघं खाली पोहोचले तेव्हा अंधारून आलं होतं आणि गाडी कधीच गेली होती. खालच्या दूधगाडीवाल्याने नंतर बाईंना सांगितलं. म्हातारा थांब्याच्या पायरीवर बसून मुलाला सारखं तेच सांगत होता, माझे पाय गेले रे आता, माझ्यामुळे तुझी गाडी चुकली.

“पाटी चुकली असेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही बघा,” बाई म्हणाल्या.

घड्याळरावांनी कप खाली ठेवला. त्यांना ते पत्र आठवलं. आठवलं, कारण त्यात तक्रार नव्हती, विनंती होती. मुलाने लिहिलं होतं, की त्या दिवसापासून वडिलांनी फिरायला जाणं सोडलं आहे; कोपऱ्यापर्यंतसुद्धा जात नाहीत. धारेवरून उतरायचा आकडा एकदा तपासून कळवाल का, म्हणजे मला त्यांना काहीतरी सांगता येईल. घड्याळरावांनी त्या पत्रावर शिक्का मारला होता. शाई वाळत आली आहे, नवी बाटली मागवायला हवी, एवढंच त्या वेळी मनात आलं होतं.

गाव सोडून ते धारेच्या चढाला लागले. झाडं हळूहळू बुटकी होत गेली, मग संपलीच. गवत, दगड आणि वारा. स्टॉपवॉच त्यांच्या छातीवर आपटत होतं, बंद. बटण दाबायचं भानच राहिलं नव्हतं.

चार वाजता ते वर पोहोचले. तिथे एक लाकडी बाक होता आणि समोर सगळं मोकळं. डोंगरांच्या रांगा एकीमागे एक, जवळची गडद हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि शेवटची इतकी फिकी की ती आहे का हवेतच काही आहे ते कळू नये. खाली नदीचं एक वळण उन्हात चमकत होतं. वरचं गाव मुठीत मावेल एवढं दिसत होतं. घड्याळराव बराच वेळ पाहत राहिले. खात्याच्या माहितीपुस्तिकेत या जागेपुढे त्यांनीच दोन शब्द लिहिले होते: दृश्य चांगले.

“मी इथे आलो होतो,” ते म्हणाले. “पण हे पाहिलं नव्हतं.”

पिशवीतून सफरचंद काढून ताईंनी अर्धं भावाला दिलं. तेव्हा घड्याळरावांनी एकोणतीस वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या दिवशी खालून गाडी दोन चाळीसला होती, आणि ती चुकली असती तर थेट पाच चाळीसची. शहरात एक चष्म्याचं दुकान होतं, ते पाचला बंद व्हायचं. तिथे काच तपासायला एक मुलगी बसायची. ते दुकान बंद होताना समोरच्या फुटपाथवर आपण सहज उभे असलेले दिसावं, म्हणून ते या धारेवरून खाली चक्क पळत गेले होते. पळण्याचा वेळ वहीत चालण्याचा म्हणून लिहिला. पुढच्या वर्षी त्या मुलीशी लग्न झालं.

ताईंनी सफरचंद चावायचं थांबवलं. “म्हणजे तीस वर्षं हा सगळा मुलूख तुझ्या लग्नाच्या घाईत धावतोय?”

“हा उतार तरी.”

“तिला माहीत आहे?”

“नाही. मी तिला सांगितलं होतं, या बाजूला काम होतं म्हणून आलो.”

ताई इतक्या हसल्या की त्यांना बाकाची कड धरावी लागली. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि साध्या आवाजात विचारलं, “मग आता कागदावर काय लिहिणार?”

घड्याळराव म्हणाले, नियमाप्रमाणे थांबे धरता येत नाहीत.

“नियम कुणी केला?”

“मी.”

धाकट्याला कुठे सोडून द्यायचं ते ताईंना पाठ होतं. घड्याळरावांनी स्टॉपवॉच हातात घेतलं आणि बाकावर बसल्या बसल्याच बटण दाबलं. काटा फिरायला लागला. ते बसून राहिले, आणि काटा फिरत राहिला. फार विचित्र वाटलं. कुणीतरी येऊन आपल्याला रागावेल असं वाटत होतं.

मग उतार. त्या उताराचं वर्णन घड्याळराव पुढे स्वतः जसं करत, तसंच केलेलं बरं. पहिली दहा मिनिटं ते माणसासारखे उतरले, पुढे खेकड्यासारखे आडवे, आणि झाडांची मुळं पायऱ्यांसारखी वर आली होती तिथे, नव्या मोज्यांची पर्वा न करता, सरळ बसून. ताईंनी एक वाळकी फांदी मोडून त्यांच्या हातात काठी म्हणून दिली. एका वळणावर झाडीत फट होती. तिथून खालचा रस्ता दिसला, आणि रस्त्यावर, काडेपेटीएवढी, त्यांची गाडी. ती आली, थांब्याशी उभी राहिली, कुणीच चढलं नाही, आणि गेली. पाच चाळीस. पाटीप्रमाणे ते पाच मिनिटांपूर्वीच थांब्यावर पोहोचायला हवे होते. त्यांना अजून तासभर लागणार होता. थांब्याच्या पायरीवर कुणी बसलं असेल तर इथून ते दिसलं नसतं.

पावणेसात वाजता ते खाली आले. दिवस मोठे होते, ऊन अजून घरांच्या वरच्या खिडक्यांवर होतं. थांब्याशी एक दूधगाडी उभी होती आणि दूधगाडीवाला चाकाला टेकून शेंगा सोलत होता. यांना पाहताच त्याने न विचारता पुढचं दार उघडून सीटवरची पिशवी बाजूला सरकवली, म्हाताऱ्यांना पुढे बसता येईल म्हणाला. दूध भरून तो सहालाच मोकळा व्हायचा. पण सातपर्यंत इथे थांबायचं, हे त्याने तीन-चार वर्षांपासून ठरवून टाकलं होतं. रोज नाही, पण आठवड्यात दोनतीनदा तरी कुणीतरी वरून उतरायचंच. त्यांना तो पाटीवाले म्हणायचा. पाटीवाल्यांसाठी थांबतो, असं त्याने घरी सांगून ठेवलं होतं.

गाडी सुरू झाली. मध्ये घड्याळराव, पलीकडे ताई. घड्याळरावांपाशी सोय होती. शहर येईपर्यंत गप्प बसायचं, आभार मानून उतरायचं, आणि उद्या टेबलाशी बसून जुन्या आकड्यांखाली सही करायची. सहीला गुडघा लागत नाही.

“त्या पाट्या मी लिहिल्यात,” ते म्हणाले. “ही उताराची. आणि बाकीच्याही.”

दूधगाडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या गुडघ्याकडे, काठीकडे, मातीने माखलेल्या पँटकडे. “तुम्ही?”

“तेव्हा जरा बरा होतो.”

पुढे एक वळण गेलं, एक पूल गेला. मग त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “बैल खरंच होता का हो?”

“होता की,” ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “पुढच्या वर्षी त्याच्याशीच लग्न केलं यानं.”

दुसऱ्या दिवशी घड्याळरावांनी बाईसाहेबांपुढे कागद ठेवला. साडेचार तासांच्या जागी सव्वानऊ तास. बाईसाहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. हा चालण्याचा वेळ आहे का, असं त्यांनी विचारलं. घड्याळराव म्हणाले, पोहोचण्याचा आहे, बसलो तोही धरून. मग बाईसाहेबांनी कपाटातून नियमाचा कागद काढला आणि त्याखालची सही त्यांना दाखवली. सही ऐटबाज होती, शेवटच्या अक्षराला उगाच एक शेपूट.

बाईसाहेब खरंच समंजस होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, की पाट्यांची मागणी महिनाअखेर जायची आहे. एका वाटेचा आकडा दुप्पट झाला तर बाकीच्यांचं काय, असं वरून विचारतील. मग सगळं थांबेल, का थांबलं ते लिहावं लागेल, आणि निवृत्तीच्या महिन्यात तो कागद घड्याळरावांच्याच नावावर जाईल. त्यापेक्षा सरसकट दहा टक्के वाढवू, कुणाला कळणारही नाही, आणि निरोप समारंभही नीट पार पडेल.

घड्याळरावांना मोह झाला नाही असं नाही. दहा टक्के म्हणजे उताराला सात मिनिटं. सात मिनिटांत त्यांचं एकोणतीस वर्षांचं नाव वाचत होतं. ते टेबलाच्या काचेखालच्या नकाशाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “तो कागद मीच लिहितो. माझ्याइतकं त्यातलं कुणाला माहीत नाही.”

त्यांनी लिहिलं, की दोनशे बारा पाट्यांचे आकडे एकाच माणसाच्या पायांनी काढले आहेत. त्याने थांबे धरले नाहीत. आणि एका ठिकाणी तो पळत होता. पळण्याचं कारण त्यांनी खासगी असं नोंदवलं. बाईसाहेबांनी ते वाचलं, ‘खासगी’ या शब्दाशी जरा थबकल्या आणि सही केली. महिनाअखेरपर्यंत जेवढ्या वाटा पुन्हा मोजता येतील तेवढ्या मोजा, बाकीच्या पुढचा माणूस बघेल, असं ठरलं. निरोपाचं भाषण करायला ठरलेल्या सहकाऱ्याने आता नेमकं काय बोलायचं म्हणून काळजी करायला सुरुवात केली.

त्याच दुपारी घड्याळरावांनी तक्रारींचा गठ्ठा उपसून ते पत्र शोधलं आणि उत्तर लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात क्षमा तीनदा मागितली गेली आणि स्वतःच्या गुडघ्याचा उल्लेख चारदा आला, तो फाडला. दुसऱ्यात धारेवरच्या दृश्याचं वर्णन इतकं झालं की मुद्दा राहूनच गेला. शेवटी चार ओळी उरल्या. आपल्या वडिलांच्या पायांना काही झालेलं नाही. पाटी चुकीची आहे, ती मी लिहिली होती. काल मी तो उतार उतरलो, मला दोन तास वीस मिनिटं लागली, तीही काठी घेऊन आणि काही ठिकाणी बसून. वडील माझ्यापेक्षा बरे चालत असणार, असं त्यांना कळवावं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ताईंना फोन केला. उद्या दुसरी एक वाट मोजायची आहे, येशील का म्हणून विचारलं. ताईंनी विचारलं, किती वेळाची आहे.

“पाटीवर सव्वादोन तास आहेत,” घड्याळराव म्हणाले. “पण ती मी लिहिलीय.”

“बरं,” ताई म्हणाल्या. “मग डबा मोठा घेते.”